फोटोतल्या बावीस बायका डबा द्यायला आल्या नव्हत्या

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
पाणीपुरवठा कार्यालय,
जुने पंपघर आवार, पहिला मजला.

विषय : महिला दिनाच्या प्रदर्शनातील फोटो क्रमांक सात याच्याखालची पाटी खोटी असल्याने ती उद्घाटनाच्या आत बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे आधीचे दोन अर्ज.
२) आपल्या कार्यालयाची दोन पत्रे. दोन्ही माझ्या पतीच्या नावे आहेत. पती अकरा वर्षांपूर्वी वारले.

महोदय,
(आणि आपल्याआधी हे पाकीट जो कोणी उघडील तोही,)

१) आपल्या प्रदर्शन विभागाचे वरिष्ठ लिपिक माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाहीत, ही माझी पहिली तक्रार लिहून घ्यावी. मी समोरच्या खुर्चीत बसलेली असते आणि ते माझ्यामागे उभ्या असलेल्या माझ्या नातीला म्हणतात, "आजींना सांगा, फोटो छान आलाय त्यांचा." मला ऐकू येतं. दोन्ही कानांनी येतं. मी त्यांना तसं सांगितलंही, तर ते पुन्हा नातीलाच म्हणाले, "आजींचं वय काय आहे हो?" माझं वय शहात्तर आहे. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, फार मेहनतीने मिळवलेलं आहे.

२) आता मूळ विषय. आपल्या प्रदर्शनाच्या दालनात शिरल्यावर डाव्या भिंतीवर सातवा फोटो आहे. त्यात एका भल्यामोठ्या पंपाच्या मोटारीसमोर बावीस बायका उभ्या आहेत. प्रत्येकीच्या हातात डबा आहे. पुढच्या रांगेत उजवीकडून तिसरी, पदर कंबरेला खोचलेली आणि कपाळाला आठ्या घातलेली, ती मी. फोटोखाली जाड पाटीवर छापलं आहे : "पंपघरातील कामगारांसाठी डबा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी. त्यांच्या मूक साथीमुळेच शहराला पाणी मिळाले."

सादर करते की, आम्ही डबा घेऊन आलो नव्हतो. आम्ही सकाळी आठला कामावर आलो होतो. आणि मूक तर त्यातली एकही नव्हती, हे त्या वेळचा फोरमन हयात असता तर त्याने कपाळावर हात मारून सांगितलं असतं.

३) आम्ही वाइंडर होतो. पंपाची मोटार जळली की तिच्या पोटातली जळकी तार तोडून काढायची, खाचा घासून साफ करायच्या, त्यात कागदाच्या पट्ट्या घडी घालून बसवायच्या, लाकडी साच्यावर तांब्याच्या तारेचे फेरे मोजून घालायचे आणि ती गुंडाळी एकेका खाचेत बोटांनी दाबत बसवायची. एक फेरा कमी पडला तर मोटार गरम होते, एक ठिकाणी तार खरवडली तर महिन्याभरात पुन्हा जळते. पुरुषांची बोटं त्या खाचेत जात नसत. गेलीच तर शिव्या देत बाहेर येत. म्हणून फोरमनने आधी थोरलीला बोलावलं, मग थोरलीने मला आणलं, मग मी आणखी दोघींना. असं करत बावीस झालो. मी चौदा वर्षं हे काम केलं. त्या काळात या शहरात ज्याने ज्याने नळ उघडला, त्याच्या भांड्यात आमच्या हाताचं पाणी पडलं आहे. आपल्या आईच्या भांड्यातही पडलं असेल, साहेब.

(थोरली म्हणजे आमच्यातली वयाने मोठी आणि कामात सगळ्यांची गुरू. तिला सगळे थोरलीच म्हणत, तिच्या सासूसकट.)

४) मग डबे कुठून आले, असं आपण विचाराल. हे सांगताना मला लाज वाटते, पण अर्जात खोटं लिहू नये म्हणतात म्हणून लिहिते. त्या काळी नियम होता की यंत्राच्या खोलीत बाईची नेमणूक करायची नाही. धोक्याची जागा. तीच जागा झाडायला बाई चालत असे, तेव्हा धोका बहुतेक सुटीवर जात असावा. तर फोरमनने तोड काढली. हजेरीच्या वहीत आमच्या नवऱ्यांची नावं घातली आणि सह्या आमच्याकडून घेतल्या. मी दुसरी पास होण्याआधीच शाळा सोडलेली. अक्षरं विसरून गेले होते. फोरमनने पाटीवर गिरवून घेतलं ते माझ्या नवऱ्याचं नाव. मला लिहिता आलेला पहिला शब्द तो. स्वतःचं नाव लिहायला मी पुढे नऊ वर्षांनी शिकले, तेही मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर सही लागली म्हणून.

आणि वरून कोणी तपासणीला येणार असलं की फोरमन ओरडायचा, "बायांनो, डबे!" कपाटात बावीस रिकामे डबे ठेवलेले असत. आम्ही हात पुसून एकेक उचलायचो आणि "मालकांना जेवण द्यायला आलोय" असं तोंड करून उभं राहायचो. त्या दिवशी आलेले मोठे साहेब हौशी निघाले. त्यांच्यासोबत फोटोवाला होता. "वा, काय दृश्य आहे!" म्हणाले आणि आम्हाला रांगेत उभं केलं. थोरली माझ्या कानात म्हणाली, "हसू नकोस गं, डबा वाजेल." म्हणून माझ्या कपाळाला आठ्या आहेत.

थोडक्यात, खोटं आम्हीही बोललो. पण आम्ही ते काम टिकवण्यासाठी बोललो आणि तपासणीवाले गेले की डबे कपाटात परत ठेवत होतो. आपण ते काच लावून भिंतीवर टांगलंत.

आणखी एक. फोटोत बावीस डबे आहेत आणि ते खाणारा एकही पुरुष नाही. पाटी लिहिणाऱ्याच्या डोक्यात हा प्रश्न का आला नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

५) यावर मी पहिला अर्ज केला. उत्तर तोंडी मिळालं की जुन्या दप्तरात एकाही बाईचं नाव नाही, सबब बायका नव्हत्या. मी म्हटलं, नाव नाही कारण नाव घालू दिलं नाही. त्यावर लिपिकसाहेब नातीला म्हणाले, "आजींना सांगा, कागद बोलतो." कागद बोलतो हे मला ठाऊक आहे. त्या कागदावर बोलणारी सही माझी आहे, एवढंच मी सांगत होते.

मग मी दुसरा अर्ज केला आणि सोबत पुरावा जोडला. माझे पती शिंपी होते. त्यांचं दुकान आमच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि त्याचा परवाना आपल्याच आवारातल्या दुसऱ्या कार्यालयाने दिलेला आहे. सकाळी नऊ ते रात्री आठ दुकान उघडं. त्याच वेळी आपल्या वहीप्रमाणे ते पंपघरात मोटारींत तार भरत होते. मला वाटलं, आता तरी डोक्यात प्रकाश पडेल. माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी कसा असेल?

प्रकाश पडला, साहेब, पण भलत्याच ठिकाणी. पंधरा दिवसांनी आपल्या आस्थापना विभागाकडून माझ्या मयत पतीस नोटीस आली की आपण कार्यालयीन वेळेत खाजगी धंदा केल्याचे निदर्शनास आले आहे, तरी आठ दिवसांत खुलासा करावा. आणि त्याच आठवड्यात प्रदर्शन विभागाकडून त्याच मयत पतीस निमंत्रण आलं की ज्येष्ठ कामगार म्हणून आपला सत्कार करण्याचे योजिले आहे, तरी पत्नीसह उपस्थित राहावे. एका टेबलावरून चौकशी, दुसऱ्या टेबलावरून सत्कार. माझ्या नवऱ्याला जिवंतपणी कोणी एवढं विचारलं नव्हतं.

पत्नी हजर आहे. ज्यांच्यासह यायचं ते येऊ शकत नाहीत. हा खुलासा या अर्जातच समजावा, त्यासाठी वेगळा कागद मी लिहिणार नाही.

६) माझ्या पतीबद्दल दोन शब्द, कारण नोटिशीत त्यांना अप्रामाणिक म्हटलं आहे आणि ते मी ऐकून घेणार नाही. त्यांनी आपलं नाव मला वापरायला दिलं. तेव्हा आळीत एकाने विचारलं होतं, "बायकोला यंत्रावर पाठवतोस, लाज नाही वाटत?" तर सुईत दोरा ओवता ओवता ते म्हणाले, "वाटते ना. तिला जे येतं ते मला येत नाही, त्याची वाटते." एकदा पंपघरातले एक इंजिनियर विजार आखूड करून घ्यायला दुकानात आले. पावतीवर नाव बघून म्हणाले, "अहो, तुमच्याच नावाचा एक वाइंडर आहे आमच्याकडे. काय बारीक हात आहे हो त्याचा!" हे म्हणाले, "असेल, असेल." इंजिनियर गेल्यावर हसून हसून यांनी पायाखालची मशीन थांबवली आणि मला आतून बोलावून म्हणाले, "तुझ्यामुळे माझा हात नावाजला गेला." पुढे त्यांच्या नावे उत्तम कामगिरीचं प्रशस्तिपत्रकही आलं. ते त्यांनी दुकानात लावलं आणि गिऱ्हाइकाने विचारलं की आत बोट दाखवून म्हणायचे, "तिचं आहे, माझ्याकडे ठेवायला दिलंय." आपल्या कार्यालयात एवढं समजणारा एक माणूस असता तर मला तिसऱ्यांदा अर्ज करावा लागला नसता.

७) पुराव्याचं आणखी सांगते. दालनाच्या दारात आपण शोभेसाठी एक जुनी मोटार हिरवा रंग देऊन ठेवली आहे आणि आतली तार दिसावी म्हणून तिचं एक झाकण काढलं आहे. गेल्या मंगळवारी मी त्यात हात घातला. पहारेकरी धावत आला, "आजी, हात लावू नका!" मी म्हटलं, "बाबा, हिच्या आतड्याला मी हात लावलाय, तू वरच्या रंगाचं काय घेऊन बसलास?" तो चांगला निघाला, त्याने स्वतःची बॅटरी धरली.

आमच्याकडे अशी पद्धत होती. भरलेली मोटार वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजत. नंबराची चिठ्ठी बांधली तर ती भट्टीत जळून जायची आणि पुढे मोटार बिघडली तर चूक कोणाची ते कळायचं नाही. म्हणून प्रत्येकीने आपल्या गुंडाळीच्या टोकाला दोऱ्याची आपली आपली गाठ मारायची. वार्निश बसून ती दगडासारखी होते. थोरलीची गाठ चपटी, दोनदा उलटी फिरवलेली. माझी गाठ शिंप्याची, बटण लावल्यावर खालून आवळतात ती, नवऱ्याने शिकवलेली. त्या हिरव्या मोटारीत मला माझ्या अकरा गाठी सापडल्या आणि थोरलीच्या सहा. बाकीच्या दोघींच्या आहेत, त्या दोघी गेल्या. चाळीस वर्षांनी बोटाला त्यांच्या गाठी लागल्या तेव्हा मी थोडा वेळ तिथेच जमिनीवर बसले. तो भाग अर्जाचा नाही.

मी लिपिकसाहेबांना बोलावून हे दाखवलं. ते वाकले, बघितलं, सरळ झाले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "गाठीवर नाव कुठंय?" मी पिशवीतून दोरा काढून त्यांच्यासमोर तशीच गाठ मारून दाखवली. म्हणाले, "गाठ काय, कोणीही मारेल." मी दोरा त्यांच्या हातात दिला. त्यांना फोन आला. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही, आणि माझे कान चांगले आहेत हे वर लिहिलंच आहे.

८) आता जे लिहिणार आहे ते जड आहे. माझी ती नात, जिच्याकडे बघून लिपिकसाहेब बोलतात, ती आपल्याच नव्या पंपघरात तंत्रज्ञ आहे. स्वतःच्या नावाने हजेरी लावते. तिचा फोटो प्रदर्शनात शेवटच्या भिंतीवर आहे, सर्वांत मोठा. त्याखाली लिहिलं आहे : "पंपघरात यंत्रावर काम करणारी पहिली स्त्री." परवा तिने व्यासपीठावर उभं राहून पहिली असणं कसं वाटतं यावर पाच मिनिटं बोलायचं आहे.

गुरुवारी लिपिकसाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि त्या एकाच वेळी माझ्याशी थेट बोलले. हळू आवाजात म्हणाले, "सातव्या फोटोची पाटी बदलली तर शेवटच्या फोटोचीही बदलावी लागेल. नातीचं पहिलेपण जाईल. आजी आहात, विचार करा."

मी विचार केला. खरं सांगते, त्यात एक दिवस पूर्ण गेला. त्या पोरीने शिकताना काय काय ऐकून घेतलं ते मी पाहिलं आहे. तिच्या डोक्यावरचं कौतुक आजीनेच काढून घ्यायचं, हे माझ्याने होईना. शेवटी तिलाच विचारलं. ती कामावर निघाली होती, बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "काढा म्हणावं. पहिली म्हणून रोज कोणीतरी येऊन मला बघून जातं, जशी काय मी नवा पंपच बसवलाय. तेविसावी झाले तर निदान काम तरी करू देतील." मग दारातून मागे वळून म्हणाली, "आणि आजी, मला कोणी सांगितलं असतं ना की आधी बावीस जणी होत्या, तर पहिलं वर्ष मी एवढी घाबरले नसते."

हे शेवटचं वाक्य आपण दोनदा वाचावं अशी विनंती आहे. स्त्रियांच्या प्रगतीचं प्रदर्शन भरवायचं ते कशासाठी, हे त्यात आलं आहे. भाषणं झाली नाहीत तरी चालेल.

९) बावीसमधल्या तिघी उरलो आहोत. एक परगावी लेकाकडे असते, तिला प्रवास झेपत नाही. थोरली एकोणनव्वद वर्षांची आहे, तिला आता दिसत नाही. फोटो लागला हे कळल्यापासून तिने सुनेला भंडावून सोडलं आहे की मला न्या. परवा तिला चाकाच्या खुर्चीतून आणणार आहेत. ती फोटोवर हात फिरवेल आणि मला विचारेल, "काय लिहिलंय गं आपल्याखाली?"

वाचायला तिथे मीच असणार. साहेब, मी तिच्याशी आयुष्यात एकदाही खोटं बोललेले नाही. आपली पाटी वाचून दाखवली तर ती समजेल मी चेष्टा करते आहे. आणि चेष्टा नाही हे कळलं तर काय होईल ते मला बघायचं नाही. ज्या बाईने आम्हा एकवीस जणींना हाताला धरून काम शिकवलं, तिला या वयात सांगायचं का, की बाई, तू फक्त डबा आणला होतास?

१०) तरी माझी मागणी एकच आणि छोटी आहे. नुकसानभरपाई नको, सत्कार नको, शाल तर नकोच. सातव्या फोटोखाली एवढंच लिहावं : "पंपघरातील वाइंडर, कामावर असताना." आणि नातीच्या फोटोखाली काय लिहायचं ते तिला विचारून लिहावं. पाटी छापून होत नसेल तर कोरा पुठ्ठा द्यावा, मी हाताने लिहीन. माझं अक्षर वाकडं आहे, पण मजकूर सरळ असेल.

मागणी मान्य न झाल्यास मी उद्घाटनात गोंधळ घालीन असं काही जण आपल्याला सांगतील. तसं नाही. मी सातव्या फोटोशेजारी उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येकाला गाठ मारायला शिकवीन. चौदा वर्षं दिवसभर उभं राहून काम केलेलं आहे, परवाचा एक दिवस मला जड नाही.

आपली,
आजवर नम्र राहिलेली,

(सही)
निवृत्त वाइंडर, जुने पंपघर.
(निवृत्तीचे पत्र नाही. एके दिवशी मोटारी बाहेर भरायला पाठवू लागले आणि आम्हाला घरी जा म्हणाले. नेमणूकच नसल्याने काढून टाकल्याचाही कागद झाला नाही.)

दिनांक : ६ मार्च

सोबत जोडले आहे :
१) मयत पतीस आलेली चौकशीची नोटीस.
२) मयत पतीस आलेले सत्काराचे निमंत्रण. (दोन्ही एकाच टाचणीत लावली आहेत, म्हणजे ती एकमेकांना भेटतील.)
३) माझ्या हातच्या तीन गाठी, काल मारलेल्या. हिरव्या मोटारीतल्या गाठींशी ताडून पाहाव्यात.
४) 'पहिली' नसण्यास हरकत नसल्याचे नातीचे लेखी पत्र.

ता. क. : हे मी अर्जाच्या पाठीमागे, आपल्या कार्यालयातल्या बाकावर बसून लिहिते आहे. अर्ज द्यायला खिडकीवर गेले तर तिथे आज लिपिकसाहेबच बसलेले. त्यांनी फक्त विषय वाचला आणि पोचीचा शिक्का मारायला नकार दिला. म्हणाले, "आजी, फोटोतल्या निम्म्याअधिक बायका राहिल्या नाहीत. आता कुणाला काय फरक पडतो? पाटी बदलायची म्हणजे मला पुन्हा फाईल घेऊन वर तीन टेबलं फिरावं लागेल." मागे रांगेत आठदहा माणसं होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मी जे बोलले ते इथे जसंच्या तसं नोंदवते, म्हणजे पुढे कोणी वेगळं सांगायला नको :

"बाळा, तू वाईट माणूस नाहीस. वाईट असतास तर मी तुझ्याशी भांडले असते आणि जिंकलेही असते. आमच्या फोरमननेही आम्हाला लपवलं होतं. पण त्याने लपवलं नसतं तर आमचं काम गेलं असतं, म्हणून लपवलं. तू लपवतोयस, कारण तुला जिना चढायचा कंटाळा आलाय. त्याला मी माफ केलं. तुला नाही करणार."